डिस्कचा कोट

डिस्कचा निळा दिवा लागला, पोटात बारीकशी घरघरही झाली, पण कॉम्प्युटर काही तिला ओळख दाखवेना. दिवा लागतोय, दार उघडत नाही. भाचीने वायर काढली, पुन्हा लावली. शेजारच्या भोकात लावून बघितली. दुसरी वायर आणली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पडदा ढिम्म.

वर्षभर रंगवलेली लहान मुलांच्या पुस्तकाची सगळी चित्रं त्या डिस्कमध्ये होती, आणि तिकडे छापखान्यात यंत्र खोळंबलं होतं. तिने छापखानेवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून खाली वायरीशी झटत राहिली.

"पडली-बिडली का ताई?"

"छे हो. कालपर्यंत गुणी बाळासारखी चालत होती."

"मग अंगावर काही कव्हर-बिव्हर घातलंय का? असेल तर आधी काढा. निम्म्या वेळा घोडं तिथंच पेंड खातं. वायर पुरती आत बसत नाही. वीज तेवढी जाते, बाकी बोलणं बंद. आणि बघा हं, दुपारपर्यंत चित्रं आली नाहीत तर मी दुसऱ्याचं काम चढवणार. मग तुमचं थेट पुढच्या महिन्यात."

तिने झटकन स्पीकर बंद केला. पण आतल्या खोलीतलं मामाचं शिलाई मशीन थांबलं होतं.

कव्हर होतं. मामाने शिवलेलं. काल ती बाजारात गेली तेवढ्यात त्याने डिस्कला कोटच चढवला होता. गडद निळं सुटिंग, आतून मऊ अस्तर, चारी बाजूंनी बंद. बटण नको, ओरखडे पडतात. वायरीपुरतं एक काज, अगदी नवरदेवाच्या कोटाला करावं तसं.

"मामा, हिला आता लग्नाला न्यायला हवी," ती म्हणाली होती. "माप कधी घेतलंस?"

"माप कशाला? नुसती नजर टाकली." आणि शिंप्याचं दुकान कायमचं बंद केल्यानंतर पहिल्यांदाच तो शीळ घालत घरभर फिरला होता.

तिने काजावरून अंगठा फिरवला. कड दुमडून दुमडून जाड झाली होती. वायरीचं तोंड तिथंच अडत होतं. कात्री हाताशी होती. तिने उचलली, खाली ठेवली. पुस्तक महिनाभर लांबलं तर लांबलं, पण ही कड कापली तर तिनेच मामाला सांगितल्यासारखं होणार होतं, की आता नजरही गेली.

"काय म्हणतो छापखानेवाला?" मामा दारात उभा होता.

"काही नाही. वायर खराब असेल म्हणतो."

"दोन वायरी झाल्या की बदलून."

"मग कॉम्प्युटरच म्हातारा झालाय."

"म्हाताऱ्याच्या नावावर काहीही खपवता तुम्ही. आण इकडे."

त्याने डिस्क हातात घेतली आणि डोळे मिटले. बोटाने काज चाचपलं. वायर आत ढकलली, अडली तिथं नख टेकवलं.

"दोन सूत जाड झालंय," तो म्हणाला. दुसऱ्या कुणा शिंप्याचं काम तपासावं तशा आवाजात.

"राहू दे मामा, मी काढते..."

"तू हात लावू नकोस. माझ्या शिवणीला परक्याची कात्री चालत नाही."

त्याने टाका टाका उसवला, कापडाला दुखू नये असा. कोट बाजूला निघाला. वायर खट्कन आत बसली. पडद्यावर डिस्कचं नाव उमटलं, मागोमाग चित्रं आली: हत्ती, होडी, शेपूट हरवलेलं मांजर.

"आलं?"

"आलं, मामा."

"मग बघत काय बसलीस? पाठव."

ती चित्रं पाठवायला बसली. एकेक चित्र सावकाश छापखान्याकडे निघालं. शेवटचं पोचल्यावर तिने मान वर केली. मामा आत गेलाच नव्हता. टेबलाच्या कोपऱ्यावर उसवलेला कोट पसरलेला होता, मामाच्या गळ्यात टेप होती आणि हातात ती दुसरी वायर.

"जरा तोंड इकडे करा," तो वायरीला म्हणाला, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचा त्याच अदबीने. त्याने तिच्या टोकाभोवती टेप गुंडाळली, ढिलाईसाठी आत बोट सरकवलं आणि आकडा वाचायला टेप डोळ्यांच्या अगदी जवळ नेली.

"पोट आत ओढू नका साहेब. श्वास सोडा."