लासलगावचा नायक

"भाऊजी, हे तुम्हीच!" तेजश्री वहिनी पुस्तक नाचवत घरातून थेट अंगणात आली. "नाव तेवढं बदललंय. बाकी सगळे तुम्ही."

किशोर गाडी पुसत होता. पुस्तकं वाचणाऱ्यांतला तो नव्हता. पण वहिनी उभ्या उभ्या वाचायला लागली आणि त्याच्या हातातलं फडकं थांबलं.

कादंबरीचं नाव होतं 'लाल कांदा, गुलाबी फेटा'. लेखिका उत्तरा. नुसतं उत्तरा, आडनाव नाही. बाजारपेठेच्या छोट्या गावात घडणारी हलकीफुलकी प्रेमकथा. नायक कांद्याचा व्यापारी. कुणाच्याही दारात शिरण्याआधी गाडीच्या आरशात बघून मिशा नीट करणारा. दर दुसऱ्या वाक्याला 'आपलं कसंय' म्हणणारा. दिवसभर कांद्यात वावरणारा, आणि ताटातला कांदा मात्र वेचून बाजूला काढणारा.

"आपलं कसंय वहिनी," किशोर म्हणाला, "असे व्यापारी लासलगावात पन्नास सापडतील."

वहिनी खुदकन हसली आणि पुढे वाचत राहिली. नायकाला लहानपणी रेडिओवर बातम्या द्यायच्या होत्या. लिलाव उरकून माणसं पांगली की तो कांद्याच्या पोत्यांवर चढायचा आणि रिकाम्या शेडला बातम्या सांगायचा.

किशोरने फडकं बॉनेटवर टाकलं. हे शब्दन्‌शब्द खरं होतं. आणि ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याने पुस्तक मागून घेतलं. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच त्याने एक अख्खं पुस्तक वाचलं, गाळ्यावर बसून, फोन उलटा ठेवून. नायक फुशारक्या मारायचा, फजिती करून घ्यायचा, आणि नायिका त्याला हसायची. पण तिने त्याला कुठेच कमी लेखलं नव्हतं. शेवटच्या पानावर ती हो म्हणाली तेव्हा किशोरने ते पान पुन्हा एकदा वाचलं. त्याने उगाच हमालांवर आवाज चढवला.

त्याचं स्वतःचं लग्नाचं घोडं अडलेलं होतं. सुरुवातीला मुलीवाले दारात गाड्या लावायचे आणि किशोर नाकं मुरडायचा. ही बुटकी, ती शिष्ट. मग काळ फिरला. मुलींना पुण्यातला नोकरदार हवा झाला आणि नकार तिकडून यायला लागले. त्याने ते मनाला लावून घेतलं नाही. निदान तसं दाखवलं नाही.

"वहिनी," पुस्तक परत देताना तो म्हणाला, "या बाईचं माझ्यावर मन हाय."

"अहो, लेखिका आहे ती. असतील कुठून कुठून गोष्टी उचललेल्या."

"माल आवडल्याशिवाय कुणी एवढी बोली लावत नाय."

वहिनीने हात जोडले. पण मोबाइलवर शोधून तिनेच सांगितलं की ही उत्तरा रविवारी नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका पुस्तकांच्या दुकानात वाचकांना भेटणार आहे. पुस्तकाच्या मागे लिहिलं होतं, नाशिकला आईवडिलांसोबत राहते.

"म्हणजे लग्न व्हायचंय," किशोर म्हणाला आणि नवा शर्ट इस्त्रीला टाकला.

रविवारी नाशिकात शिरताना द्वारका चौकात गाड्या तुंबल्या होत्या. किशोरला त्याचं काही वाटलं नाही. काचा वर करून तो तिला काय म्हणायचं त्याची मोठ्याने तालीम करत होता. शेजारच्या रिक्षातली बाई त्याच्याकडे टक लावून बघत होती. त्याने तिला नमस्कार केला.

दुकानासमोर त्याने आरशात मिशा नीट केल्या, पेढ्यांचा बॉक्स घेतला आणि आत शिरला.

टेबलामागे चष्मा लावलेली, आखूड केसांची एक मुलगी सह्या देत होती. चेहरा ओळखीचा वाटला. पुस्तकामागच्या फोटोमुळे असेल. किशोर मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिला आणि शेवटी पुढे झाला.

"कुणाचं नाव लिहू?" तिने मान वर न करताच विचारलं.

"लिहा, लासलगावच्या नायकाला."

पेन थांबलं. तिने वर पाहिलं आणि ती हसली.

"आलात तर! वाटलंच होतं, कधीतरी याल."

किशोरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खुर्ची ओढून तो समोर बसला.

"म्हणजे तो मीच?"

"तुम्हीच."

"सगळा?"

"मिशांसकट."

"मग आपलं कसंय, मी सरळच बोलतो." त्याने पेढे पुढे सरकवले. "मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुम्ही मला ओळखता तसं मला कुणीच ओळखत नाही. घरच्यांना कधी पाठवू?"

ती हसली नाही. तिने शांतपणे पेनाला टोपण लावलं.

"एकच सांगा," किशोर आता हळू आवाजात म्हणाला. "ते रेडिओचं तुम्हाला कुठून कळलं? ते मी आजवर कुणालाच बोललो नाय."

"बोललात की. मला." तिने चष्मा काढला. "पंचवटीत, आमच्या गच्चीवर. मला बघायला आला होतात. मोठ्यांनी आपल्याला बोलायला वर पाठवलं. तुम्ही तासभर बोलत होतात आणि मी ऐकत होते. मध्ये तोंड उघडावंसंच वाटलं नाही, इतकं छान चाललं होतं. तुम्ही गेल्यावर मी आईला हो म्हणून सांगितलंसुद्धा."

किशोरचा हात नकळत मिशांकडे गेला.

"दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून फोन आला," ती म्हणाली. "मुलगी काही बोलतच नाही, म्हणून नकार."