पोटरीवरची रेघ

दुसऱ्या महायुद्धात लांब रेशमी मोजे मिळेनासे झाले, तेव्हा आम्ही इंग्लंडातल्या हल शहरच्या बायकांनी पायांना ग्रेव्हीची तपकिरी पूड फासून मागे पेन्सिलीने मोज्याची शिवण काढायला सुरुवात केली. स्वतःच्या पोटरीमागे सरळ रेघ काही स्वतःला काढता येत नाही. माझी सासू काढून द्यायची, आणि रेघ नकाशातल्या नदीसारखी वाकडी यायची.

शेजारची म्युरिएल एकटी राहायची. तिची रेघ मात्र ओळंब्यात सरळ असे, आणि टाचेशी डावीकडे वळलेला, गळासारखा एक बारीक आकडा.

तसा आकडा माझा नवरा पर्सी काढायचा, दुकानांच्या पाट्या रंगवताना. पर्सी आरमारात होता. निदान मला तरी तसंच सांगितलेलं होतं.

शनिवारी दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात गेले. "कोण काढतं गं तुझी रेघ?"

"चिडू नकोस, एथेल. मी पाठमोरी उभी राहते आणि पेन्सिल फिरते. हात मेल्या माणसासारखा गार असतो. वळून कधी बघितलं नाही. रेघ बिघडली असती."

"माझा नवरा घरात घेतलास, आणि म्हणे बघितलं नाही."

"बघत बसले तर नाचाला उशीर होतो गं."

घरी येऊन मी पाय रंगवले, पेन्सिल टेबलावर ठेवली आणि तिच्यासारखीच पाठमोरी, भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

"पर्सी, लग्नाची बायको मी आहे."

मग टेबलावरची पेन्सिल कुणीतरी उचलल्याचा आवाज आला. पावलं माझ्या मागून दाराकडे गेली, दार उघडून मिटलं, आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडे म्युरिएल हसून म्हणाली, "आज नवी पेन्सिल वाटतं."