वाढलेला संच

“फुटली म्हणू नये गं बयो, बांगडी वाढली म्हणावं,” असं मावशी लहानपणी सांगायची. शालनताईंनी ती सवय बससेवेच्या ऑफिसातही नेली.

तिकीट आरक्षणाच्या प्रोग्राममध्ये बदल करण्याआधी जुन्या फायलींचा संच बांधायचा, त्याला नाव द्यायचं आणि जपून ठेवायचा, म्हणजे बिघडलं तर जुनं परत आणता येतं. हे काम त्यांचंच. गेल्या वर्षी त्यांच्याच हातून प्रोग्राम बिघडला. त्या बिघडलेल्या फायलींचाही संच त्यांनी लेकराला दुपट्यात गुंडाळावं तसा बांधला, नाव दिलं ‘वाढलेला’. बोल मात्र नुकत्याच निवृत्त झालेल्या जोगदंडकाकांना लागला, आणि शालनताई गप्प बसल्या.

आज त्या जेवायला गेल्या आणि इकडे नवा बदल अडला. ऑफिसप्रमुख पुंडेसाहेबांनी नाव वाचून नेमका तोच संच परत आणला. अर्ध्या तासात खिडकीजवळच्या एकाच सीटची बारा तिकिटं गेली आणि शालनताई परतल्या तेव्हा स्टँडवर भांडणं जुंपली होती.

“मला वाटलं, वाढलेला म्हणजे सुधारलेला.”

“साहेब, वाढलेला म्हणजे फुटलेला.”

“ताई, तुम्ही प्रोग्राम सांभाळता की बांगड्या भरता?” साहेबांनी कपाळ धरलं. “आणि हा जोगदंड, घरी बसूनही छळतोय. थांबा, त्याची हजेरीच घेतो.”

फोन लागला. पलीकडून म्हातारा खोकला ऐकू आला. शालनताईंनी साहेबांच्या हातातून फोन घेतला.

“जोगदंडकाका, तो प्रोग्राम मी बिघडवला होता. वर्षभर माझी बोलणी तुम्ही खाल्लीत.”