शबरीमागचा कडुलिंब

शबरीच्या झोपडीमागे कडुलिंबाचं झाड होतं. उत्तमरावांनी मोबाईलवर चित्र बोटांनी ताणून मोठं केलं, पुन्हा लहान केलं. झाड जागचं हलेना.

धामणगाव बढ्याच्या नजीर पेंटरने देवळाच्या भिंतीसाठी पेन्सिलने कच्चं चित्र काढून कमिटीच्या ग्रुपवर टाकलं होतं. राम बोरं खातोय, शबरी हात जोडून बसलीय. बाकीच्यांनी नमस्कार टाकले, फुलं टाकली. अध्यक्ष उत्तमराव मात्र त्या झाडावरच अडकले. एक बुंधा, वर दोन फांद्या. हुबेहूब पारावरचं झाड.

ते झाड अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच तोडवलं होतं. त्यांच्या खताच्या दुकानापाशी ट्रक वळत नव्हता. अर्धं गाव शेगावला दर्शनाला गेलं, तेवढ्यात आरामशीनवाल्याने झाड कापून लाकूड नेलं. आळ आला गोकुळवर. त्याची चहाची टपरी झाडाखाली, आणि पानं दुधात पडतात म्हणून तो कायम कुरकुरायचा. झाड कमिटीतल्या मनकर्णाबाईंच्या सासऱ्यांनी लावलेलं. बाईंनी गोकुळला देवळाची पायरी बंद केली, ती आजतागायत. उत्तमराव तेव्हा शेजारी उभे राहून मान डोलवत होते.

मग या पेंटरचे कान भरले कोणी? त्यांनी पुजाऱ्याला आडून आडून विचारलं, नजीर जेवला कुठे, बसला कोणाजवळ. पुजाऱ्याने सगळं सरळ सांगून टाकलं, तेव्हा तोही सामील असेल असं वाटून झोप उडाली.

चित्र मंजूर करायला कमिटी सभामंडपात जमली. उत्तमरावांनी बेतानेच सुरुवात केली. शबरीजवळ बोरीचं झाड शोभेल, हे नको. नजीर अदबीने म्हणाला की बोरीने भागणार नाही, इथे असंच झाड पाहिजे. उत्तमरावांचा तोल गेला.

"असंच काऊन? कोनं सांगतलं तुमाले? त्या आरामशीनवाल्यानं? झाड नेलं तवाच त्याले बजावलं होतं, तोंड उघडू नको म्हणून."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. नजीर गोंधळून भिंतीकडे बोट दाखवत म्हणाला, "भाऊ, स्लॅबवरून दोन पाइप उतरतात, खाली एक होतात. ते झाकाले दुफाटी झाड लागते."

मनकर्णाबाई पदर सावरत उठल्या.

"उत्तमराव, गोकुळले तुमी बोलावता, का मी बोलावू?"