दगडावरचा गूळ

"आज अस्वल यायचं नाही, साहेब," वाटाड्या कासदेकर म्हणाला.

"मी आलोय म्हटल्यावर येईल," सदावर्ते कॅमेरा लावत म्हणाले. अकरा वर्षे, दर आठवड्याच्या खेपेला, ते अस्वल याच दगडापाशी त्यांच्यासमोर बसत आले होते. त्या मैत्रीवरच्या प्रदर्शनाला आता शेवटचे एकच छायाचित्र हवे होते.

"तुमच्यासाठी नाही येत ते. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी मी दगडाला गूळ चोपडतो. तुमच्यासारख्या पाहुण्याला रिकाम्या हातानं परत कसं धाडायचं? या खेपेला गूळ मिळाला नाही."

सदावर्त्यांनी फोनमध्ये जुनी छायाचित्रे वर्षवार उघडली. ज्याला ते अस्वलाचे हसू म्हणत, त्या उघड्या तोंडातले दात दरवर्षी किडत गेले होते. शेवटी काळे खुंटच उरले होते.

"उद्या आणू का गूळ?" कासदेकरने विचारले.

"नको" हा शब्द त्यांच्या तोंडून लगेच निघाला नाही, आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.