छबूची ओटी

साहेबांना माहीत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. सरूबाईनं तोंडावर सांगितलं होतं. तरी त्यांनी छबूची ओटी भरायला लावली. तीही सरूबाईलाच.

घोडेगावातल्या एका मंगल कार्यालयात प्रशिक्षणाचा तो शेवटचा दिवस. साल दोन हजार तीन. अंगणवाडीच्या बाया, नर्सबाया, पोलीस पाटील, सगळे जमलेले. घरात बाईला मारहाण होत असेल तर एकट्या नवऱ्याला समजावून भागत नाही. तीन-चार घरं एकत्र गोलात बसवायची, नवरा-बायको-सासू सगळ्यांनी एकमेकांसमोर बोलायचं, असं पुण्याहून आलेल्या साहेबांनी शिकवलं होतं. आज खरी कुटुंबं बोलावून ते करून बघायचं होतं. निरगुडसरची अंगणवाडी चालवणाऱ्या सरूबाईनं, तिथं मनातलं बोल म्हणून, आपल्या गावातून छबूला आणलं होतं. बरोबर तिचा नवरा गोरख आणि सासू प्रयागबाई.

सासूसमोर छबू खुर्चीवर बसेना. भिंतीशी खालीच टेकली. साहेब स्वतः उठले, तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"इथं सगळे सारखे. मनातलं मोकळं बोलायचं. इथलं बाहेर जाणार नाही."

"बाहेर नको जायाला," प्रयागबाई पुटपुटली, "घरी तर येनारच हाय की आमच्यासंगं."

साहेबांनी ऐकलं नाही. सरूबाईनं ऐकलं.

छबूनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग बोलली. आवाज असा, की जणू बाजारातून काय काय आणायचं ते सांगतेय.

"वरवंटा मारला ह्यांनी. कानावर. डाव्या कानानं आता ऐकू येत न्हाई. सासूबाईंनी दार लावून घेतलं व्हतं, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. दवाखान्यात सांगितलं, पडले."

बचत गटाच्या सभेला सरूबाई नेहमी तिच्या डाव्या अंगाला बसायची. बोललं तरी उत्तर देत नाही, घुमी आहे बाई, असं तिनंच चारचौघींत सांगितलं होतं. आता तिला काहीतरी वाटायला पाहिजे होतं. काही वाटलं नाही. मांडीवर हात ठेवून ती नुसती बसून राहिली.

गोरख हसला. "आता राग येतो राव मानसाला. साहेब, तुमाला येत न्हाई व्हय?"

"आमच्यात उलटं हाय," गोलात पलीकडं बसलेल्या दुसऱ्या घरातला एक गडी म्हणाला. "आमचीच मला हाणती."

अख्खा गोल हसला. साहेबही हसले. "छान. गट मोकळा होतोय," ते शिकायला आलेल्यांकडं वळून म्हणाले. शिकायला आलेल्यांनी माना हलवल्या.

तेवढ्यात मागून जिलेबीचा वास आला. जेवणं व्हायची होती, फोटो राहिला होता, साहेबांना उजेडात पुण्याला पोचायचं होतं.

"गोरखभाऊ, पुन्हा हात उचलणार?"

"न्हाई साहेब."

"शाब्बास!"

टाळ्या झाल्या. छबूला कुणी काही विचारलं नाही.

"तुमच्याकडं असं काही मिटलं की काय करतात?" साहेबांनी विचारलं.

निरगुडसरचा पोलीस पाटील हौशीराम खुर्ची सरकवत म्हणाला, "बाईची ओटी भरायची, साहेब. खण, नारळ, चार मानसांत. ओटी घेतली म्हंजी मिटलं. पुना त्यो इषय कुनी काढायचा न्हाई."

"वा! ही आपली पद्धत. सरूताई, तुम्हीच भरा."

सरूबाई उठली, पण जागेवरून हलली नाही. "साहेब, ओटी घेतली की बाई बांधली जाती. उद्या परत मारलं न् ही पाटलांच्या दारात गेली, तर पाटील म्हणनार, तुझं मिटलंय. हिनं अजून मिटलं म्हटलेलं न्हाई. हिला इचारा तरी."

"ताई, चांगल्या कामात संशय नको. इतके दिवस आपण विश्वासच शिकलो ना?" आणि ते फोटोवाल्याकडं वळले. "सगळा गोल येऊ द्या फोटोत."

मंगल कार्यालयात खणा-नारळाला काय तोटा. हळदीकुंकवाची कोयरीही आली. सवाष्णीनं ओटीला नको म्हणायचं नसतं, हे छबूला माहीत होतं, सरूबाईला माहीत होतं, हौशीरामला तर फारच चांगलं माहीत होतं. छबूनं पदर पुढं केला. सरूबाईनं कुंकू लावलं, तांदूळ घातले, खण घातला, वर नारळ ठेवला. हात आपले आपण चालत होते. आजवर हळदीकुंकवात कितीजणींची भरली असेल, तशीच ही भरली. कॅमेऱ्याचा उजेड पडला. प्रयागबाईनं सुनेला डोळ्यांनी खूण केली आणि छबू खुर्चीवरून उठली.

जेवणाआधी सरूबाई हात धुवायला मागच्या नळावर गेली, तर छबू मागोमाग आली. ओटीचा पदर दोन्ही हातांनी धरलेला.

"बाई, घरी नेऊन इचारतील, मानसांत का बोललीस. तवा मी काय सांगू?"

सरूबाईनं नळ बंद केला.

"आन मारलं, तर कुनाकडं येऊ? पाटलांकडं आता जाता येत न्हाई."

सरूबाईनं ओले हात पदराला पुसले.

"बोल बोल तुमीच म्हणत व्हता. मी बोलले. आता फुडचं पन तुमीच सांगा."

पुढच्या बाजूनं गोरखनं हाक मारली. छबूनं तिकडं पाहिलं नाही. वाट अडवून उभी राहिली.

"सांगा की, बाई. कुनाकडं येऊ?"