मागांच्या शेडमधली बैठक

बंद पडलेल्या मिलच्या जागेवर काय उभारायचं, हे जुन्या कामगारांनाच विचारावं म्हणून आर्किटेक्ट अंकितानं त्यांना मागांच्या शेडमध्ये बोलावलं होतं. तिनं माईकवर पुन्हा पुन्हा विचारलं, आवाजही वाढवला. कुणीच उत्तर देईना. सगळे नुसते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कुणालाच काही नको असेल, तर मग इथं मॉलच होणार," ती हताश होऊन म्हणाली.

पुढं बसलेल्या मथुराबाई उठल्या. त्यांनी तिच्या हातातला माईक हळूच खाली केला.

"ह्यो तोंडाम्होरनं काढ की, पोरी. मागांच्या खडखडाटात आमचं कान कवाच गेलं. आमी समदी ओठ बघूनच ऐकतो. आता इचार बगू, काय इचारत हुतीस."